पुंटियस की पेथिया? जर्नलमध्ये माशाचं नाव काय लिहू? (तातडीचं, मदत हवी आहे)

मिरज_जंक्शन
नमस्कार. बीएस्सी झूलॉजीचं प्रोजेक्ट आहे, सोमवारी सबमिशन. बरणीत मासे आहेत, शेपटीजवळ काळा ठिपका. डिपार्टमेंटच्या जुन्या कीनं (लक्षणांवरून नाव ओळखायचा तक्ता) गेलं की पुंटियस टिक्टो येतं. नेटवर सगळीकडे पेथिया टिक्टो. सर म्हणतात पुंटियसच लिही, सीनियर म्हणतात एक्सटर्नल नवी नावं विचारतात. यातलं बरोबर कुठलं तेवढंच सांगा. दोन्ही लिहिलं तर मार्क कापतात का?

वाईचा_घाट
मासे कुठले? नदीतले, तळ्यातले की फिश टँकच्या दुकानातले? साइज? फोटो?

चुलीवरचं
असले बारके मासे साफ करत बसायचं नाही. पोट दाबून घाण काढायची, हळद-मीठ, चटणी, वरून ज्वारीचं पीठ लावून तव्यावर कडक. काट्यासकट खाता येतात.

वाईचा_घाट
अहो, फॉर्मलिनमधले आहेत ते.

निवृत्त_मास्तर_कराड
पेथिया लिही. २०१२ मध्ये श्रीलंकेच्या पेथियागोडा, मीगास्कुंबुरा आणि मादुवागे यांनी पुंटियसची फोड केली. तोवर दक्षिण आशियातला बारका, खवल्यांचा, ठिपक्याचा मासा दिसला की टाक पुंटियसमध्ये, असं चाललं होतं. त्यांनी हाडं आणि जनुकं दोन्ही तपासून पेथिया, डॉकिन्सिया, सिस्टोमस आणि द्रविडिया असे गट वेगळे काढले. उरले ते पुंटियसमध्ये राहिले. तुमची की त्याच्या आधीची असणार.

संगम_माहुली
मास्तर, आदराने सांगतो, पण हा नावं बदलायचा उद्योग कधी थांबणार? इंग्रजांच्या काळी फ्रान्सिस डे साहेबानं हेच मासे बार्बसमध्ये घातले होते. मग पुंटियस, आता पेथिया. पोरांनी पाठ तरी काय करायचं? त्या द्रविडियाचं तर वर्षभरात बारसं दुसऱ्यांदा करावं लागलं.

निवृत्त_मास्तर_कराड
लागलं, कारण द्रविडिया हे नाव आधीच एका माशीच्या प्रजातीला (म्हणजे जीनसला) दिलेलं निघालं. प्राण्यांच्या दोन प्रजातींना एक नाव चालत नाही, म्हणून २०१३ मध्ये हलुदारिया केलं. याला नियम पाळणं म्हणतात, उद्योग नव्हे. चिलापी तुम्ही आवडीनं खाताच. जुन्या पुस्तकांत ती तिलापिया मोसांबिका होती, आता ओरिओक्रोमिस मोसांबिकस. चव बदलली का?

संगम_माहुली
चिलापीनं नदीचं वाटोळं केलं, त्यावर बोला आधी. १९५२ साली बाहेरून आणून सोडली आणि आता कुठल्याही बंधाऱ्यावर गळ टाका, तीच लागते.

गळ_आणि_गप्पा
नावांचा खरा घोळ बघायचा तर महसीर बघा. कावेरीतला तो कुबडाचा, माणसाएवढा मासा. जगभरचे लोक त्याच्यासाठी यायचे, पण शास्त्रीय नावाचा पत्ता नाही. २०१८ मध्ये उलगडा झाला की तो टॉर रेमादेवी, म्हणजे २००७ मध्ये केरळच्या पांबार नदीतून नोंदवलेला. तोवर कावेरीत आपल्याकडचा टॉर खुद्री आणून सोडलेला, लोणावळ्याच्या हॅचरीतला. ताई, महसीरवर प्रोजेक्ट करा, एक्सटर्नल खूश होतील.

वाईचा_घाट
सोमवारी सबमिशन आहे तिचं. बोटाएवढ्या माशाचं विचारतेय, तुम्ही महसीर काढून बसलात.
(बोटाएवढा हा माझा अंदाज. साइज अजून सांगितलेला नाही.)

मिरज_जंक्शन
बोटाएवढेच आहेत. हरिपूरला वारणेच्या संगमाजवळ भोई मामांनी दिलेत, ते सगळ्यांनाच खवली म्हणतात. फोटो टाकून उपयोग नाही, रंग गेलाय, नुसते ठिपके उरलेत. म्हणजे पेथिया फायनल ना?

निवृत्त_मास्तर_कराड
थांब पोरी. पेथिया बरोबर, पण मासा टिक्टो असेल तर. नुसत्या शेपटीच्या ठिपक्यावर कसं ठरवणार? तसा ठिपका निम्म्या खवली माशांना असतो. अंगावर दुसरा ठिपका आहे का, कल्ल्याच्या मागे? मिशा आहेत का? आणि पाठीवरच्या परातला शेवटचा न फाटलेला काटा दातेरी आहे का गुळगुळीत?

मिरज_जंक्शन
दुसरा ठिपका काहींना आहे. मिशा बघितल्या नाहीत. काटा दातेरी कसा ओळखायचा?

वाईचा_घाट
काट्याच्या मागच्या कडेवरून सुईचं टोक फिरवा. अडकलं तर दातेरी. लॅबमध्ये भिंग असेलच. दातेरी आणि मिशा नाहीत किंवा अगदी नावाला, तर पेथिया. दातेरी आणि मिशांच्या दोन जोड्या, तर सिस्टोमस, पण तो मोठा होतो. गुळगुळीत, तर पुंटियसकडे वळा.

निवृत्त_मास्तर_कराड
आणि पार्श्वरेखा बघ, म्हणजे अंगाच्या बाजूनं खवल्यांवरून जाणारी रेषा. टिक्टोत ती पुरी शेपटीपर्यंत जात नाही, पुढच्या थोड्या खवल्यांवरच संपते.

टँकवाला_विटा
शंभर टक्के रोझी बार्ब आहे. माझ्याकडे आहेत, शेपटीजवळ ठिपका, सेम.

वाईचा_घाट
न बघता शंभर टक्के? रोझी बार्ब म्हणजे पेथिया कोंकोनियस, त्याला कल्ल्यामागचा ठिपका नसतो. ताईंनी आत्ताच सांगितलं, काहींना आहे.

मिरज_जंक्शन
बघितलं. चौघांत सुई अडकते, मिशा नाहीत, दोन ठिपके, रेषा अर्धवट. दोघांत अडकत नाही आणि तोंडाच्या कोपऱ्यात मिशांची एक जोडी आहे. आता हे काय नवीन?

निवृत्त_मास्तर_कराड
बरणीत दोन प्रजाती आहेत, दुसरं काय. चौघं पेथिया टिक्टो. उरलेले दोघं जुन्या कीनंही पुंटियस आणि नव्यानंही पुंटियस, म्हणजे तुझे सर अर्धे बरोबर निघाले. त्यांची जाती खवले मोजल्याशिवाय सांगणार नाही. पुंटियस चोला असू शकतो, दुसराही असू शकतो.

मिरज_जंक्शन
सर, उद्या रविवार, लॅब बंद.

निवृत्त_मास्तर_कराड
मग त्या दोघांसमोर ‘पुंटियस, जाती अनिश्चित’ लिही. ते चालतं. चुकीचं नाव ठोकण्यापेक्षा बरं.

वाईचा_घाट
दोन्ही नावांचं विचारलं होतं ते राहिलंच. वर पेथिया टिक्टो (हॅमिल्टन, १८२२), खाली समानार्थी नाव म्हणून पुंटियस टिक्टो. सरही गप्प, एक्सटर्नलही गप्प. कंस विसरू नका. हॅमिल्टननं हा मासा सायप्रिनस म्हणून नोंदवला होता. प्रजाती बदलली की मूळ लेखकाचं नाव कंसात जातं. पुंटियस लिहिलं असतं तरी कंस लागलाच असता.

संगम_माहुली
सायप्रिनसही होतं! म्हणजे चार झाली. मी काय म्हणत होतो?

मिरज_जंक्शन
धन्यवाद सर, धन्यवाद घाट. लेबल बदलते.

टँकवाला_विटा
याच धाग्यात विचारतो. माझ्या रोझी बार्बच्या एका मादीचं पोट फुगलंय, कोपऱ्यात बसून असते. अंडी आहेत का रोग?

वाईचा_घाट
टँक किती लिटरचा? पाणी कधी बदललं? खवले उभे राहिलेत का? फोटो?