मदत हवी आहे: वर्षभरात पाहिलेलं-ऐकलेलं एका यादीत कसं आणायचं?

नमस्कार मंडळी. हे वर्ष शांत गेलं. फारसं कुठे जाणं-येणं नाही, पुस्तकं, सिनेमे आणि गाणी यांचीच सोबत. म्हणूनच त्याची नीट नोंद राहावी असं मनापासून वाटतं.

नेटफ्लिक्सच्या खात्यातून पाहिलेल्याची सीएसव्ही फाइल (शीटमध्ये उघडणारी साधी यादी) उतरवली. तिच्यात फक्त नाव आणि तारीख आहे, आणि मालिकेचा प्रत्येक भाग वेगळ्या ओळीत, ‘मालिका: सीझन: भाग’ असा. अपूर्णविरामावर नाव तोडून पाहिलं, पण काही सिनेमांच्या नावातही अपूर्णविराम असतो, तेही तुटले. यूट्यूबचा इतिहास गूगल टेकआउटमधून (आपली माहिती उतरवून घ्यायची गूगलची सोय) घेतला. त्यात लगेच बंद केलेला व्हिडिओ आणि शेवटपर्यंत ऐकलेली मैफल सारखीच दिसते. पुस्तकं वहीत लिहिलेली आहेत, त्यांची अडचण नाही.

माझ्याकडे फोन आणि गूगल शीट्स एवढंच आहे. पासवर्ड मागणारं दुसरं अ‍ॅप नको.

सिनेमांना धक्का न लावता एका मालिकेचे सगळे भाग पहिल्या आणि शेवटच्या तारखेसह एका ओळीत आणायला कोणतं सूत्र वापरू? आणि यूट्यूबच्या यादीतलं अर्धवट सोडलेलं वेगळं काढता येतं का?