डिचोलीत राहायला येतोय: मुलीची पहिली, मुलाची पाचवी, प्रवेश कसे घ्यायचे?

सावंतवाडी_ते_डिचोली:
नमस्कार. जूनपासून आम्ही डिचोलीला राहायला येतोय. मुलीला सहा वर्षं पूर्ण झालीत, ती पहिलीत जाईल. मुलगा जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. गोव्यात चौथीनंतर शाळाच बदलते असं कळलं. मुलीला कोणत्या माध्यमात घालावं, पाचवीचा प्रवेश कुठे मागायचा आणि कागद कोणते जमवायचे? माहीतगारांनी सांगावं.

पाटी_पेन्सिल:
आधी रचना समजून घ्या, म्हणजे निम्मा घोळ मिटेल. पहिली ते चौथी प्राथमिक, पाचवी ते दहावी हायस्कूल, अकरावी-बारावी उच्च माध्यमिक. दहावी-बारावीच्या परीक्षा गोवा बोर्ड घेतं, बाकी कारभार पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाचा. तालुक्यात त्यांचा माणूस म्हणजे भागशिक्षणाधिकारी. कुठल्या वाड्यावर कोणती सरकारी प्राथमिक शाळा चालू आहे, कुठे पट कमी म्हणून दोन वर्ग एकत्र बसतात, हे तिथे नेमकं कळतं.

सरकारी प्राथमिक शाळा मुख्यतः मराठी नाहीतर कोकणी माध्यमाच्या. अनुदानित प्राथमिकमध्ये मराठी, कोकणी आणि इंग्रजीही आहे. पण हायस्कूल बहुतेक सगळीकडे इंग्रजी माध्यमाचं. म्हणजे पहिलीला निवडलेलं माध्यम चार वर्षांचं असतं आणि खरं वळण पाचवीला येतं. बरेच पालक पहिलीसाठीच धावपळ करतात आणि पाचवीचा विचार चौथीच्या मार्चमध्ये करतात. तुमच्या मुलीसाठी घराजवळची मराठी शाळा अजिबात कमी नाही, फक्त इंग्रजी वाचनाची सवय घरी पहिल्या दिवसापासून लावा.

मुलाच्या बाबतीत मात्र थांबू नका. ज्या हायस्कूलला स्वतःची प्राथमिक शाळा जोडलेली असते, तिथे त्यांचीच चौथीची मुलं वर सरकतात आणि बाहेरच्यांना उरलेल्या जागा मिळतात. म्हणून शाळेत गेल्यावर ‘प्रवेश मिळेल का’ असं न विचारता ‘पाचवीच्या किती तुकड्या आहेत आणि बाहेरच्या मुलांसाठी जागा किती’ असं विचारा, उत्तर सरळ मिळतं. सरकारी हायस्कूलही याद्यांमध्ये ठेवा, तिथली फी नगण्य.

एक तारीख लक्षात असू द्या. २०२५ पासून सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होऊ लागलं, त्या वर्षी ७ एप्रिलला. पाचवी त्यात नव्हती. मुलगा सहावीत जाईल तेव्हा मार्चनंतर गावाला जायचा बेत आखण्याआधी शाळेचं परिपत्रक बघा.

दाखला_आणि_रजिस्टर:
कागदांत सगळ्यात जास्त अडतं ते शाळा सोडल्याच्या दाखल्याशी. परराज्यात जाणाऱ्या दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी बहुधा मागतात. ती सावंतवाडी सोडण्याआधीच घ्या, नंतर एका सहीसाठी मागे फिरावं लागतं.

दुसरी गोष्ट कागदावर दिसत नाही. यूडायस प्लस या केंद्र सरकारच्या शाळा-नोंदणी पोर्टलवर प्रत्येक मुलाला ११ अंकी पेन क्रमांक (कायमस्वरूपी शिक्षण क्रमांक) असतो. जुन्या शाळेने मुलाला ‘शाळा सोडली’ असं नोंदवून मोकळं केलं नाही, तर नवी शाळा त्याला आपल्या यादीत ओढूच शकत नाही. दाखला हातात घेताना मुख्याध्यापकांना तोंडी आठवण करा आणि पेन क्रमांक दाखल्यावर लिहून घ्या. मुलगी बालवाडीत असेल तर तिचाही क्रमांक आहे का ते विचारा.

बाकी: जन्मदाखला, दोघांचे आधार, गोव्यातल्या पत्त्याचा पुरावा (भाड्याचा करार चालतो का ते शाळेला विचारा), लागू असेल तर जातीचा दाखला, चौथीचं प्रगतिपुस्तक, फोटो. पहिलीसाठी वय कोणत्या तारखेला मोजायचं, ते त्या वर्षीच्या संचालनालयाच्या परिपत्रकातच पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. आणि अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा आणि नवोदयसारख्या खास शाळा सोडल्या, तर आठवीपर्यंत शाळा मुलाची प्रवेशपरीक्षा किंवा पालकांची मुलाखत घेऊ शकत नाही, देणगीही मागू शकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात हे स्पष्ट आहे. दाखला उशिरा मिळाला म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही.

सावंतवाडी_ते_डिचोली:
खूप उपयोग झाला. मुलाच्या आधारवर ‘श्रीकांत’ आहे आणि जन्मदाखल्यात नावाची जागाच रिकामी. आणि मराठीतून इंग्रजीत एकदम गणित जमेल का?

दाखला_आणि_रजिस्टर:
जन्मदाखल्यात नाव १५ वर्षांपर्यंत घालता येतं, पहिल्या वर्षानंतर विलंब शुल्क लागतं. जिथे जन्मनोंद झाली त्याच पंचायत-नगरपालिकेकडे अर्ज करा, डिचोलीत होणार नाही. हे आधी उरका. नावाचं एक अक्षर इकडेतिकडे असलं तरी अपार ओळखपत्र (विद्यार्थ्याचं देशभर चालणारं शैक्षणिक ओळखपत्र) अडतं आणि पुढे दहावीच्या गुणपत्रिकेपर्यंत तीच चूक चालत जाते.

पाढे_पाठ:
गणित जमेल, भाषा अडवेल. मुलाला लसावि काढता येतो, पण फळ्यावर ‘एलसीएम’ दिसला की तो हात वर करत नाही. दुसरी अडचण आकड्यांची: मराठीत ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी येतो, इंग्रजीत ‘फॉर्टी’ आधी. शिक्षकांनी भराभर आकडे सांगितले की मूल ४७ चे ७४ लिहितं आणि शिक्षकांना वाटतं त्याला येत नाही.

मे महिन्यात रोज वीस मिनिटं पुरतात. एका वहीत दोन रकाने करा: अपूर्णांक–फ्रॅक्शन, परिमिती–पेरिमीटर, भागाकार–डिव्हिजन, अंश–न्युमरेटर, छेद–डिनॉमिनेटर. पन्नासेक शब्द झाले की पाचवीचं गणिताचं पुस्तक उघडतं. त्यानंतर दोन अंकी आकडे इंग्रजीत तोंडी सांगून लिहायला लावा, दिवसाला पंचवीस. जूनमध्ये वर्गशिक्षकांना भेटून मूल मराठी माध्यमातून आलंय हे आवर्जून सांगा आणि तिसरी भाषा म्हणून मराठी मिळते का तेही तेव्हाच विचारा, कारण प्रत्येक हायस्कूलला मराठीचे शिक्षक असतीलच असं नाही.

आणखी एक: डिचोलीपासून वाळपईचं जवाहर नवोदय विद्यालय (केंद्र सरकारची निवासी शाळा) जवळ आहे. सहावीच्या जागेसाठी निवड परीक्षा पाचवीत असताना होते आणि मूल त्याच जिल्ह्यात पाचवी शिकत असावं लागतं. परीक्षा मराठीतूनही देता येते. अर्ज पावसाळ्यातच सुटतात, तेव्हा पाचवीत बसल्याबरोबर शाळेत विचारून ठेवा.