जिनिंगचं मशीन आलं तरी अमेरिकेत गुलामगिरी वाढली कशी?

रानवारा:
सध्या १८०० नंतरची अमेरिका वाचतोय. १७९३ ला एली व्हिटनीने सरकी काढायचं मशीन बनवलं, १८०८ पासून बाहेरून गुलाम आणायला कायद्याने बंदीही आली, मग १७९० ला सात लाखांच्या आसपास असलेले गुलाम १८६० पर्यंत जवळजवळ ४० लाख कसे झाले? मशीन आलं की कष्ट कमी व्हायला पाहिजेत ना?

यवतमाळकर:
भाऊ, सरकी मशीनने निघते पण वेचणी हातानेच. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटात कशी घुसतात ते वेचायला गेलेल्यालाच माहीत. तिकडच्या आखूड धाग्याच्या कापसाला सरकी इतकी चिकटलेली असायची की एका माणसाच्या हातून दिवसाला अर्धा किलो रुई निघायची मारामार, म्हणून तो फारसा कोणी लावत नव्हतं. ती अडचण गेली आणि पार दक्षिणेत अलाबामा, मिसिसिपीपर्यंत कापूसच कापूस झाला, वेचायला माणसं पाहिजेत म्हणून व्हर्जिनिया, मेरीलँडमधले गुलाम तिकडे विकले, आयांपासून पोरं तोडून. बाहेरून आणायला बंदी असली तरी गुलाम बाईचं पोर जन्मतःच गुलाम, मग आकडा वाढणारच.

जुनीवही:
आणि जमीन कुठून आली? १८३० ला इंडियन रिमूव्हल ॲक्ट झाला, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनीवरून हटवायचा कायदा. त्यातल्या चेरोकी जमातीची स्वतःची लिपी होती, १८२८ पासून स्वतःचा पेपर निघायचा, १८३२ ला सुप्रीम कोर्टाने जॉर्जिया राज्याच्या विरोधात निकालही दिला, तरी १८३८-३९ मध्ये त्यांना हुसकावलंच, साधारण १६ हजारांतले ४ हजार तरी मेले असं मानतात. याच काळाला 'सामान्य माणसाचा काळ' म्हणतात याचा मला खरंच राग येतो. न्यूयॉर्कने १८२१ ला मतदानासाठी गोऱ्या पुरुषांची मालमत्तेची अट काढली, काळ्यांना मात्र २५० डॉलरची मालमत्ता दाखवायला लावली. बायकांना तर मतच नाही.

रानवारा:
बापरे. आणि उत्तरेत? तिकडे तर गुलामगिरी संपत आली होती ना?

सूतकताई:
उत्तरेतल्या गिरण्या त्याच कापसावर चालायच्या हो. मॅसॅच्युसेट्सच्या लॉवेलमध्ये शेतकऱ्यांच्या पोरी कामाला यायच्या, पहाटे घंटा झाली की उठायचं, घंटेवरच जेवायचं, दिवसाचे बारा-तेरा तास माग. १८३४ ला मजुरी कापली तेव्हा त्यांनी संप केला, १८३६ ला राहण्याजेवणाचे पैसे वाढवले तेव्हा परत केला, मला त्या पोरींचं फार कौतुक वाटतं. पण त्या गिरण्यांमधलं जाडंभरडं कापड परत दक्षिणेत जायचं, गुलामांच्या कपड्यांसाठी. तिकडे त्या कापडाला नावच 'लॉवेल' पडलं होतं.