ॲटिट्यूड, अभिवृत्ती, वृत्ती की वळण? पालकांच्या पत्रकात काय लिहू

किल्ल्याखालचा (सातारा):
मी माध्यमिक शाळेत शिकवतो, पालकसभेसाठी जीवनकौशल्यांवर एक पानी पत्रक करतोय, मूळ मजकूर इंग्रजीत आलाय आणि त्यात जिथं तिथं ॲटिट्यूड आहे. मी तो तसाच ठेवला होता. कच्चं वाचून एक आई म्हणाल्या, सर आमच्या पोराला आधीच लई ॲटिट्यूड हाय, तुमी आणि कशाला वाढवताय? त्यांचं बरोबरच आहे, आपल्याकडं त्या शब्दाचा अर्थ आता माज असाच झालाय. अभिवृत्ती लिहिलं तर बीएड झालेल्यांपलीकडं कळणार नाही. दृष्टिकोन म्हटलं की नुसता विचार येतो, वागणं येत नाही, आणि मला तर वागण्याबद्दलच बोलायचंय. नववीतल्या एका मुलानं आजोबांचा पीकविम्याचा अर्ज मोबाईलवर बसल्या बसल्या भरला, सातबारा जोडला, सगळं बिनचूक. त्याच मुलाला बँकेत काउंटरवरनं विचारलं, खातं कुणाच्या नावावर आहे, तर तो आजोबांच्या मागं सरकला, तोंडातनं शब्द नाही. तंत्रज्ञान हाताला आलंय पण हे दुसरं आलेलं नाही, त्या दुसऱ्याला काय म्हणू?

हळदपेठ (सांगली):
वृत्ती लिहा की सर. खिलाडूवृत्ती चौथीतल्या पोरालाही कळते, अभि कशाला चिकटवायचा?

जुनी शाई:
अभि चिकटवायचा कारण वृत्ती हा स्वभावाचा भाग, अभिवृत्ती म्हणजे अमुक एका गोष्टीकडं झुकलेलं मन, मानसशास्त्रात हा फरक लागतो. शब्द वापरल्याशिवाय रुळत नाही. महापौर, दिग्दर्शक हे सावरकरांचे शब्द, ते नवे होते तेव्हा लोकांना जडच वाटले असणार, आज कोण अडखळतं? ज्या जिल्ह्यात वाईला बसून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला तिथल्या शिक्षकानं एका अभिवृत्तीला बिचकावं याचं मला खरंच वाईट वाटतं.

हळदपेठ:
दूरध्वनी पण सावरकरांचाच ना, पण घरात कुणी म्हणतं का दूरध्वनी वाजतोय, उचल? पत्रक विश्वकोशासाठी नाही, उसाला पाणी पाजून सभेला येणाऱ्या माणसासाठी आहे.

वाईकरीण:
भांडण बाजूला ठेवून एक सांगते. ॲटिट्यूडचं जे झालं ते आपल्याकडं आधी एकदा होऊन गेलंय, मिजास बघा. अरबी मिजाज म्हणजे मिश्रण, युनानी वैद्यकात शरीरातल्या चार द्रव्यांचं मिश्रण, त्यावरनं माणसाचा स्वभाव. हिंदीत अजून मिजाज कैसे हैं विचारतात. मराठीत आला आणि गुर्मी झाला. म्हणजे स्वभावाला बाहेरचा शब्द घेतला की आपण त्याचा ताठा करतो, त्या आईंनी मराठीच्या सवयीप्रमाणंच अर्थ लावला.

जुनी शाई:
मिजासचं पटलं. पण म्हणूनच संस्कृत शब्द घ्या म्हणतोय, तो असा घसरत नाही.

वाईकरीण:
घसरतो की! कुशल म्हणजे मुळात कुश कापून आणणारा, हात न चिरता दर्भ तोडायला येणारा, अशी व्युत्पत्ती जुन्या अलंकारशास्त्रातच दिलीय. आता कौशल्य म्हणताना दर्भ कुणाला आठवतो? आणि जीवनकौशल्यं यापेक्षा मला कसब आवडतं, अरबीत त्याचा अर्थच कमाई. कर्मवीर भाऊराव अण्णांनी 1919 साली कराडजवळच्या काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, पुढं कमवा आणि शिका आलं, ते याच कसबाचं शिक्षण होतं, शब्द कुठलाही असो.

कृष्णाकाठी (कराड):
एवढं लांब कशाला जायचं, आमची आजी वळण म्हणायची. पोराला वळण हाय, संपलं. वागणं, बोलणं, मोबाईल कधी खाली ठेवायचा, सगळं त्यात बसतं.

वाईकरीण:
वळण नको, अगदी मनापासनं सांगते नको. मुलीच्या जातीला वळण पाहिजे हे ऐकत वाढलेल्या बायका त्या सभेत बसणार आहेत. वळण दुसरा लावतो. जागतिक आरोग्य संघटनेनं नव्वदच्या दशकात जी दहा जीवनकौशल्यं मांडली त्यात चिकित्सक विचार आहे, निर्णय घेणं आहे. वळण लागलेली मुलगी गप बसते हो, प्रश्न विचारत नाही.

किल्ल्याखालचा:
ताईंशी सहमत. माझ्या वर्गातली सगळ्यात वळणदार मुलंच काउंटरवर गप्प होतात, आम्ही शिक्षकांनी हाताची घडी तोंडावर बोट वर्षानुवर्षं करून घेतलं आणि आता बोलत नाहीत म्हणून कार्यशाळा घेतो. मोबाईलला सगळा दोष देणं मला पटत नाही. वृत्तीवर येतोय, पण अजून मन भरत नाही.

कृष्णाकाठी:
मग पोच? त्याला पोच हाय म्हणजे कुठं काय बोलावं हे कळतं. पोचणे वरनंच आला असणार, समज जिथवर पोचते ती पोच.

हळदपेठ:
आमच्याकडं मिरज भागात पोच म्हणजे कुवत. त्याची तेवढी पोच न्हाय, म्हणजे ऐपत नाही असंही म्हणतात. पालकांना पोच नाही असं छापून गेलं तर गरिबी काढल्यासारखं होईल.

जुनी शाई:
आणि पोचपावतीतली पोच? ती याच क्रियापदाची का वेगळी? जुने कोश कुणाजवळ असतील तर बघून सांगा, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात पोंच असं अनुस्वार देऊन बघावं लागेल.

कृष्णाकाठी:
आजी पोच कधी बाईमाणसाबद्दल म्हणायची नाही, तिला जाण हाय म्हणायची. वाईकडं काय म्हणतात?