बहिणीचा बोलोन्यातला पहिला हिवाळा, फिराले जाऊ देऊ का?

दारव्ह्याकडचा दादा
लहान बहीण सप्टेंबरात इटलीत बोलोन्याले एमएस्सीसाठी गेली, आमच्या गावातून बाहेरदेशात शिकाले गेलेली पहिलीच पोरगी. आता तिकडे थंडी पडली अन् आई रोज घाबरून राहिली. इकडे वेचणीच्या दिवसात पहाटे शेकोटी पेटवली का काम भागते, तिकडे म्हणे रात्री हीटरच बंद होते. व्हिडिओ कॉलवर दोन-दोन स्वेटर घालून बसलेली दिसते, पाच वाजताच मागे खिडकीत अंधार. आता ख्रिसमसच्या सुट्टीत मैत्रिणीसंग व्हेनिस अन् फ्लोरेन्स पाहाले जाऊ का विचारते. पैसे मोजकेच आहेत, पण एवढ्या दूर जाऊन पोरीनं खोलीतच बसावं असंही वाटत नाही. अन् आईले तुपाचा डबा पाठवायचा आहे. कोणी तिकडे राहिलं असेल तर सांगजा.

हिंगणघाटवाला
भाऊ, बिनधास्त हो म्हणा. मी तिकडच्याच पाडोव्हा शहरात दोन हिवाळे काढले. हीटरचं असं आहे का उत्तरेकडच्या त्या पट्ट्यात कायद्यानंच 15 ऑक्टोबर ते 15 एप्रिल चालवता येते, तेही दिवसाले जास्तीत जास्त 14 तास अन् 20 अंशाच्या आसपास, म्हणून रात्री रेडिएटर थंड पडतो. जाड रजई घे म्हणा तिले. थंडीपेक्षा ओल जास्त त्रास देते, पो नदीच्या खोऱ्यात धुकं बसलं का दिवसभर उठत नाही, कपडे वाळत नाही, अन् खोलीत वाळत टाकले का भिंतीले बुरशी धरते. रोज सकाळी दहा मिनिटं खिडकी सताड उघडायचीच. अन् जॅकेटपेक्षा बुटावर पैसा घाला, पाणी आत न जाणारे, जाड तळव्याचे. मी पहिल्या वर्षी कापडी बुटावर हिंडलो, संध्याकाळी पाय इतके सुन्न पडायचे का रडू याचं. जानेवारीत सेल लागतात पण तोवर थांबू नका. तूप मात्र पाठवू नका, युरोपियन युनियनच्या बाहेरून दुधाचे अन् मांसाचे पदार्थ पार्सलमधून चालत नाहीत, जप्त होते.

परतवाड्याची ताई, सध्या बोलोन्यात
दादा, पहिले तिले बोलोन्याच पाहू द्या, फुकटात होते. इथं रस्त्याच्या कडेनं कमानींचे व्हरांडे आहेत, पोर्तिको म्हणतात, सगळे मिळून 62 किलोमीटर, 2021 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेले. पाऊस असो का बर्फ, छत्री न उघडता हिंडता येते. सॅन लुका म्हणून टेकडीवर येशूच्या आईचं, मारियाचं देऊळ आहे, तिथपर्यंत 666 कमानी, पावणेचार किलोमीटरचा चढ. मला घरची आठवण आली का मी तिकडेच जाते, वर पोचेपर्यंत अंग गरम होते अन् मन शांत.

व्हेनिसले रिजनल म्हणजे साध्या लोकल रेल्वेनं जा म्हणा, दोनेक तास लागतात, तिकीट आधी काढा का ऐनवेळी, भाडं तेवढंच. पण कागदाचं तिकीट चढण्याआधी स्टेशनवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचंच, मी विसरले होते अन् दंड भरला, आठवड्याचा किराणा गेला त्यात. हिवाळ्यात तिथं गर्दी कमी, धुक्यात कालवे पाहिले का पाहतच राहावं वाटते. भरतीचं पाणी येते त्या दिवसात, 110 सेंटीमीटरच्या वर जाणार दिसलं का पाणी अडवाले समुद्रातली फाटकं उचलतात, 2020 पासून, पण सॅन मार्कोचा चौक त्याच्या आधीच भिजतो. म्हणून पुन्हा तेच, बूट.

फ्लोरेन्सले महिन्याच्या पहिल्या रविवारी जा, उफीत्सी म्युझियम त्या दिवशी फुकट असते, रांग मोठी म्हणून पहाटेच निघायचं. पावणेपाचले अंधार होते हे धरूनच बेत करा. 25 अन् 26 डिसेंबरले बसगाड्या कमी, त्या दोन दिवसात खोलीत सामान भरून ठेवा. अन् कॉफी काउंटरवर उभ्यानंच प्यायची, टेबलावर बसलं का बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे लागतात.

दारव्ह्याकडचा दादा
ताई, भाऊ, दोघांचंही आईले वाचून दाखवलं. तुपाचं राहिलं, आता जवस भाजून राहिली चटणीसाठी. बुटाचे पैसे उद्या टाकतो. अन् आई म्हणते, त्या टेकडीवरच्या देवळात गेली का वरून फोन कर म्हणा, इकडे कितीही वाजले असू दे.