पदवीच्या मुलांना संशोधनासाठी मानधन द्यावं का?

कुतूहल (धागा): पदवीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातल्या मुलांना प्रयोगशाळेत घेताना 'अनुभव मिळतोय ना, मग पैसे कशाला?' असं सर्रास ऐकवतात. मला हे साफ अमान्य आहे. सुट्टीत कमवावंच लागतं अशी मुलगी बिनपगारी प्रकल्प घेणार कशी? जागा जाते घरून खर्च निघणाऱ्याला, आणि पुढे पीएचडीच्या प्रवेशात तोच अनुभव 'गुणवत्ता' म्हणून मोजला जातो. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ मध्ये 'यूरॉप' (UROP) हा पदवीच्या मुलांना संशोधनाची संधी देणारा कार्यक्रम सुरू केला. तिथे विद्यार्थी मानधन किंवा अभ्यासक्रमाचं क्रेडिट घेऊ शकतात. इतरत्र का नाही?

प्रयोगवही: मी मुलांना मार्गदर्शन करते, म्हणून विरोध नोंदवते. नवख्याचे पहिले काही आठवडे शिकण्यातच जातात. प्रयोग फसतात, आणि ते फसायलाच हवेत. मानधन गाईडच्या अनुदानातून गेलं की गाईडला त्याचा मोबदला दिसावा लागतो. मग मुलाच्या वाट्याला स्वतःचा प्रश्न येत नाही, आकडे भरण्याचं काम येतं.

कुतूहल: बिनपगारी मुलंही आकडेच भरतात की! पैसे संस्थेने थेट विद्यार्थ्याला द्यावेत, गाईडच्या खात्यातून नकोत.

तिसरा बाक: मुळात निवडक जागांसाठी एवढी चुरस का? अमेरिकेतला सी-फेजेस हा उपक्रम २००८ पासून पहिल्या वर्षाच्या वर्गातच संशोधन आणतो: मुलं मातीतून बॅक्टेरियोफेज, म्हणजे जिवाणूंना ग्रासणारे विषाणू, वेगळे करतात, त्यांच्या जनुकसंचाचा अभ्यास करतात. अर्ज नाही, ओळख नाही, अख्खा वर्ग संशोधनात. पैसा इथे घाला.

कुतूहल: उपक्रम उत्तमच. पण तो वेळापत्रकात बसतो म्हणून चालतो. एकाच प्रश्नामागे सगळी सुट्टी घालवणं, गाईडशी रोज वाद घालणं हे वर्गात होत नाही. शिफारसपत्रही त्यातूनच वजनदार होतं. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा आरईयू कार्यक्रम मुलांना दुसऱ्या संस्थेत नेऊन मानधन देतो. ज्यांच्या कॉलेजात प्रयोगशाळाच धड नाही, त्यांना दुसरा रस्ता कोणता?

प्रयोगवही: निधी संस्थेचा आणि वेगळा असेल तर माझा विरोध मागे. पण एक अट राहील. रोज शेजारी उभं राहून शिकवतो तो बहुतेकदा पीएचडीचा विद्यार्थी, प्राध्यापक नव्हे. त्याचा प्रबंध त्यामुळे रखडतो आणि हे काम कुठे नोंदलंही जात नाही. त्या निधीत त्याचाही वाटा ठेवा.