मदत हवी आहे: आंबा बागेच्या करारात न लिहिलेली अट

देवगडजवळची आमची हापूसची 60 झाडं 3 वर्षांच्या कराराने दिली आहेत. स्टॅम्प पेपरवर रक्कम, हप्ते, मुदत आहे. कल्टार (झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं, बुंध्याभोवती मातीत घालायचं औषध) घालायचं नाही, हे मात्र खळ्यात बसून तोंडीच ठरलं. बाबांनी लावलेली झाडं, म्हणून मी दोनदा बजावलं होतं. परवा बुंध्याभोवती ताजी चर खणलेली दिसली. ठेकेदार म्हणतो, कागदात दाखवा!

भारतीय साक्ष्य अधिनियम 2023, कलम 95: लेखी अटींविरुद्ध तोंडी पुरावा चालत नाही, पण कागद ज्याबाबत गप्प आहे आणि जे त्याच्याशी विसंगत नाही, ते वेगळं तोंडी ठरलेलं सिद्ध करता येतं. कागद किती औपचारिक, हेही कोर्ट बघतं. ‘औषध घालणार नाही’ असा त्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे. याच कायद्याच्या कलम 63 च्या (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीच्या) प्रमाणपत्रासह तो पुरेल का? कुणी असा दावा चालवलाय?